पोरीच्या डोक्यावरची शपथ

हल्ली आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना रामकुंड नको असतं, त्र्यंबक नको असतं. त्यांना वायनरी बघायची असते. ठाण्याची माझी मावसबहीण तर चपला काढता काढताच म्हणाली, "नाशकात राहतेस आणि अजून मळ्यात बसून वाईन प्यायली नाहीस? कमाल आहे बाई तुझी!" मी तिला पाणी दिलं. मनात म्हटलं, आमच्या घरात जेवढी आली तेवढी पुरे आहे गं बाई, आता आणखी मळ्यापर्यंत कशाला जाऊ. तोंडावर मात्र हसले. दारुड्याच्या बायकोला हसायची सवय असते.

दारुड्या हा शब्दही मी आज पहिल्यांदाच वापरतेय. आमच्याकडे तो कुणी उच्चारत नाही. 'जरा घेतात', 'त्यांचं ते असतं ना', 'आज तब्येत नरम आहे', अशी आमची भाषा. इतकी वर्षं ती बोलून बोलून जीभ झिजली. आता थकले. थकलेल्या माणसाला खोटं बोलायचाही कंटाळा येतो, म्हणून हे लिहितेय.

मी सिडकोत राहते. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आहे, फॉल-पिको आणि ब्लाउजची कामं करते. नवरा अंबडच्या एका कंपनीत तयार पार्ट तपासायला आहे. केसाएवढा फरक असला तरी पार्ट बाजूला काढतात, इतकी नजर तिखट. घरी येताना मात्र ती नजर कुठे जायची कोण जाणे. मी त्यांना घरात 'अहो' म्हणते आणि चार लोकांत 'हे', तेव्हा इथेही 'हे'च म्हणणार. आम्हाला एकच मुलगी. ती येवल्याला दिली आहे. सासरी पैठणीचे माग आहेत, माणसं सरळ आहेत.

तिला दिवस राहिले तेव्हा तिने फोन केला. मी आनंदाने देवापुढे साखर ठेवायला वळले, तर ती म्हणाली, "आई, थांब. अजून एक सांगायचंय. पप्पा पीत असतील तर मी बाळंतपणाला येणार नाही. इथेच करू. सासूबाई हो म्हणाल्यात."

माझ्या हातातली साखर हातातच राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणाला शिकवावं लागतं? लोक काय म्हणतील, हे तर मनात आलंच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठं म्हणजे मला माझी पोर घरात हवी होती. तिच्या पायांना तेल चोळायचं होतं, डिंकाचे लाडू करायचे होते, तिचं बाळ पायावर घेऊन न्हाऊ घालायचं होतं. आयुष्याकडे मागून मागून मी मागितलं काय, तर एवढंच. तेही त्या बाटलीपायी जाणार होतं.

"अगं, बाप आहे तो तुझा," मी चिडून म्हटलं.

"म्हणूनच," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती असं का म्हणाली हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल, ती शाळेत होती तेव्हाच्या एका सकाळकडे.

आमच्याकडे दारू सोडवायचा पहिला इलाज म्हणजे शपथ. डॉक्टर-बिक्टर नंतर. आणि ती शपथ स्वतःच्या जिवाची चालत नाही. पिणाऱ्याला स्वतःच्या जिवाची कसली आलीय किंमत? म्हणून त्याचा ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव असेल त्याच्या डोक्यावर हात ठेवायला लावायचा आणि म्हणायचं, घे याची शपथ. बहुतेक वेळा ते डोकं लेकराचं असतं. माझी नणंद, यांची थोरली बहीण, मालेगावला दिलेली, तिने हे ठरवलं. भावावर तिचा फार जीव. आम्ही सगळे वणीच्या गडावर गेलो. पोरगी नवीन फ्रॉक घालून उड्या मारत पायऱ्या चढली. वर देवीसमोर यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आई भगवती, या पोरीची शपथ, पुन्हा थेंब तोंडात घेणार नाही." आम्ही सगळे रडलो. पोरगी पेढा खात होती.

उतरताना तिने आत्याला विचारलं, माझी शपथ म्हणजे काय? नणंद लाडाने म्हणाली, "म्हणजे आता तुझा बाप प्यायला, तर तुलाच काहीतरी होणार. म्हणून बघ तो पितच नाही." तिला वाटलं ती पोरीला धीर देतेय. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. शपथ म्हटल्यावर असंच असतं, असंच आम्ही सगळे ऐकत आलेलो.

नवरात्रातली ती शपथ दिवाळीच्या आधीच मोडली. त्यानंतर थोड्याच दिवसांत पोरीला कावीळ झाली. त्या साली आमच्या लायनीत घराघरात पिवळे डोळे होते, नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळत होतं. पण नणंद भेटायला आली, खाटेपाशी बसली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "शपथ भोवली गं पोरीला." पोरगी जागी होती. तिने सगळं ऐकलं.

ती बरी झाली. पण त्यानंतर रोज संध्याकाळी फाटक वाजलं की ती पुढे जायची, बापाच्या जवळ उभी राहून वास घ्यायची. वास आला तर गुपचूप मोरीतल्या आरशासमोर जाऊन, बोटाने खालची पापणी ओढून डोळे पिवळे झालेत का बघायची. एवढंसं लेकरू ते! मी किती वेळा समजावलं, असं काही नसतं गं राणी, ते पाणी खराब होतं. ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आरशासमोर. तेव्हापासून तिने बापाचा हात डोक्याला लागू दिला नाही. वाढदिवसाला नाही, निकालाला नाही. लग्नात पाया पडली ती लांबून, आणि हे हात पुढे करेपर्यंत बाजूला सरकली. आल्बममध्ये तो फोटो आहे. यांचा हात तसाच हवेत आहे.

आणि यांचं काय? एकदा बेसिनपाशी तोंड धुताना स्वतःहून म्हणाले, "मला वाटतं मी माझ्याच पोरीला मारतोय. असं वाटलं की अजून प्यावीशी वाटते." मी टॉवेल दिला.

पोरीच्या त्या फोननंतर मी यांना सरळ सांगितलं, की ती येणार नाही म्हणतेय, आणि का तेही सांगितलं. हे जेवत होते. घास तसाच ठेवून हात धुतला आणि म्हणाले, "बघू काहीतरी." त्यांचं ते 'बघू' ऐकून माझे कान किटले होते. पण या वेळी ते खरंच हलले.

आमच्या लायनीत एक रिक्षावाले आहेत, पूर्वी रस्त्यात पडलेले असायचे. ते दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बारा पायऱ्यांच्या सभांना जाऊन सुधारले. आज त्या माणसाकडे बघून कुणाला खरं वाटणार नाही. ते यांना आपल्या रिक्षातून सभेला घेऊन गेले. तिथे कुणी कुणाला हिणवत नाही, सगळे एकाच होडीतले, चहा देतात, प्रेमाने बोलतात. हे चार-पाचदा गेले आणि मग जाईनात. मला वाटलं नेहमीचंच, निमित्त शोधतायत. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. सगळं ऐकून घेऊन हे म्हणाले, "ते म्हणतात, आपल्या हातात नाही हे कबूल करा आणि आपल्याहून मोठ्या शक्तीच्या हवाली व्हा. मी एकदा देवीच्या हवाली झालो होतो. पोरीचं काय झालं ते बघितलंस ना? माझ्याच्याने पुन्हा नाही होत."

रिक्षावाल्यांना ते लागू पडलं, यांना नाही, यात कुणाची चूक म्हणायची? एकाच मापाचा ब्लाउज सगळ्या बायकांना बसत नाही, हे मला तरी कुणी सांगायला नको.

नणंदेने मध्येच कुठल्याशा बाबाची पुडी पाठवली, भाजीत घाल, त्याला कळू देऊ नको म्हणून. ती मी मोरीत ओतली. कशात काय घातलेलं असतं देव जाणे. त्या रिक्षावाल्यांनीच मग दुसरा पत्ता दिला. मोठ्या मनाचा माणूस, म्हणाले, "आमच्याकडे नाही जमत तर नाही जमत वहिनी, पण घरी बसवू नका त्यांना." तो मनाच्या डॉक्टरांचा दवाखाना होता, कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत. वेड्यांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून हे आधी बिचकले. मीही बिचकले. गल्लीत ओळखीचं कुणी नाही ना बघून आम्ही चोरासारखे आत शिरलो.

डॉक्टरांनी पहिल्यांदा एकच सांगितलं, की घरच्या घरी एकदम बंद करू नका, इतक्या वर्षांची सवय आहे, झटके येतील. थोडे दिवस ॲडमिट करून घेतलं. हातांची थरथर गेली, झोप लागायला लागली. मग गोळी सुरू झाली, तलफ कमी करणारी. पण आमचं खरं काम पडलं ते तिथल्या समुपदेशक बाईंशी. माझ्याच वयाच्या, खादीची साडी, आवाज खणखणीत. त्यांनी यांना विचारलं, आजवर काय काय केलंत? यांनी शपथेचं सांगितलं, खाली मान घालून.

"मोडल्यावर काय व्हायचं?" बाई म्हणाल्या.

"मग काय, मोडलीच आहे म्हटल्यावर... महिना महिना शुद्ध नसायची."

"तर मग इथे शपथ घ्यायची नाही," बाई म्हणाल्या. "कुणी शपथ घेतली तर मी त्याला बाहेर बाकावर बसवते. रोज सकाळी गोळी घ्यायची, बायकोसमोर. घसरलात तर दुसऱ्या दिवशी इथे येऊन सांगायचं. बस."

मला ते फारच थोडं वाटलं. एवढ्या मोठ्या दुखण्याला हा एवढासा उपाय? मी म्हटलं, "अहो पण मनाचा निर्धार नको का?" बाई हसल्या. म्हणाल्या, "निर्धार सकाळी असतो हो, संध्याकाळी नसतो. संध्याकाळचं काहीतरी बघू."

मग त्यांनी यांच्या संध्याकाळचा पिच्छा पुरवला. कंपनीतून किती वाजता सुटता, कोण बरोबर असतं, गाडी कुठून वळवता, दुकान कुठे लागतं, त्या वेळी पोटात काय असतं. पोटात काही नसायचं. दुपारी जेवलेला माणूस, सुटल्यावर भुकेने कासावीस, आणि वाटेत त्रिमूर्ती चौकातल्या दुकानांचे लाल बल्ब. बाई म्हणाल्या, सुटायच्या आधी पोटभर खायचं आणि पाथर्डी फाट्याकडून यायचं. झालं! म्हणजे काम पुन्हा माझ्याच गळ्यात. सकाळचा डबा होताच, आता संध्याकाळचा दुसरा. पोळी-उसळ, कधी थालीपीठ, कधी नुसती शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. मी कुरकुरत का होईना भरून द्यायचे. हे कंपनीच्या पत्र्याच्या शेडखाली एकटे बसून खायचे. मित्र हसायचे म्हणे, वहिनींनी बालवाडीत घातलंय म्हणून.

यांच्यापेक्षा मला जास्त कठीण गेलं ते माझं काम. बाई मला वेगळं घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हे पिऊन आले तर एक शब्द बोलायचं नाही. भांडण नाही, रडणं नाही, जेवायला वाढणं नाही, कंपनीत ताप आलाय म्हणून फोन करणं नाही. तुम्ही तुमचं काम करा. आणि न पिता आले, तर मशीन बंद करून त्यांच्याजवळ बसा. चहा घ्या, बोला."

मी उसळलेच. "म्हणजे प्यायचं त्यांनी आणि सुधारायचं मी?"

"तुम्ही दमला आहात म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं ओरडून बघितलंत ना?"

बघितलं होतं. घसा फोडून बघितलं होतं. बाहेर बाकावर एक बाई बसली होती, ती आमच्या बाईंना हळूच म्हणाली, गोळी भाजीत घातली तर चालेल का, त्याला न सांगता? बाई तिच्यावर कडाडल्या, "अजिबात नाही! त्याला न कळू देता औषध द्यायचं नाही, जिवावर बेतेल." मला त्या बाईची इतकी दया आली. आपण सगळ्याच कशा झालोय, असं वाटलं.

संध्याकाळी हे न पिता आले की मी मशीन बंद करून बसायचे. आणि बोलायचं काय? इतक्या वर्षांत आम्हाला भांडणाशिवाय बोलायची सवयच राहिली नव्हती. मी म्हणायचे, आज पाच साड्यांना फॉल लावले. हे म्हणायचे, आज एक अख्खी पेटी परत पाठवली. मग दोघंही चहात बघत बसायचो. एखाद्या स्थळाच्या बैठकीत बसवल्यासारखं. पण हळूहळू जमायला लागलं. एकदा असेच चहाला बसलो असताना हे हसले आणि म्हणाले, "तुझा चहा एवढा चांगला असतो, हे मला माहीतच नव्हतं." मी म्हटलं, "माहीत कसं असेल, शुद्धीत कधी प्यायलात?" हे बाईंच्या नियमात बसत नव्हतं, पण तोंडातून गेलं. हे चिडले नाहीत.

सगळं सुरळीत झालं असं नाही. कंपनीतल्या एकाच्या निरोप समारंभाला गेले आणि पिऊन आले. दारात उभे. मी बघितलं. माझ्या आतून असं काही उसळून आलं की काय सांगू, पोरीचा हिरवा चुडा, डिंकाचे लाडू, सगळं त्या दारात वाहून चाललंय असं वाटलं. ओठ घट्ट मिटून मी मशीनवर बसले आणि एका ब्लाउजची बाही उलटी जोडली. एक शब्द बोलले नाही. हे थोडा वेळ उभे राहिले, मी कधी ओरडते याची वाट बघत असावेत. मग जाऊन झोपले. सकाळी उठले, आंघोळ केली, गोळी घेतली आणि म्हणाले, "दवाखान्यात जाऊन सांगून येतो." मी उलटी बाही उसवत बसले होते. पूर्वी एकदा मोडलं की महिनाभर धिंगाणा असायचा. या वेळी एकाच दिवसात आवरलं.

पोरीला मी फोनवर हे सगळं सांगायचे. ती ऐकायची, पण विश्वास नाही. "आई, तू मला किती वेळा सांगितलंस की सुटली म्हणून?" ती म्हणायची. खरंच होतं. हे एकदा घसरल्याचंही मी सांगितलं. त्यावर तिने विचारलं, "त्यांनी परत शपथ घेतलीये का कुणाची?" मी म्हटलं, "नाही गं. तिथे शपथ घेऊच देत नाहीत." मग ती म्हणाली, "डोहाळजेवणाला या. तेव्हा बघू." आमच्याकडची रीत अशी की डोहाळजेवण झालं की तिथूनच मुलीला माहेरी घेऊन निघायचं. तेव्हा त्या दिवशी तिची बॅग भरली जाणार की नाही, यावर सगळं होतं.

आम्ही एसटीने येवल्याला गेलो. हिरवी साडी मी नेली होती, फॉल मीच लावलेला. पोरगी फुलांच्या दागिन्यांत इतकी गोड दिसत होती की माझीच दृष्ट लागेल असं वाटलं. ओटी भरली, बायकांनी नावं घेतली, बर्फी की पेढा झालं. सगळी हसत होती. पुरुष मंडळी मागाच्या खोलीत होती, त्यांना जेवायला आत बोलावलं. आणि तेवढ्यात नणंद उठली. ती मालेगावहून मुद्दाम आली होती.

"आता पोरगी माहेरी निघणार," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "व्याही-विहीणबाईंच्या मनात धाकधूक असंल, ती जाऊ दे. भाऊ, हिकडं ये. ठेव हात पोरीच्या डोक्यावर. पोटातल्या जिवाची शपथ घे आणि मोकळा हो."

तिच्या मनात पाप नव्हतं. आजही मी तेच म्हणेन. तिला भावाची मान ताठ करायची होती. पण मी पोरीकडे बघितलं. पाटावर बसलेली ती, तिचा चेहरा पांढराफटक. दोन्ही हात पोटावर. नणंदेने यांचा हात धरून पुढे आणला. सगळं घर थांबलं. विहीणबाई वाढता वाढता थांबल्या.

खरं सांगते, मला त्या क्षणी वाटलं, घ्या एकदाची. एक वाक्य तर बोलायचंय. बोला आणि माझी पोर मला मिळू द्या. पुढचं पुढे.

यांनी हात सोडवून घेतला आणि पाठीमागे नेला.

"नाही ताई," हे म्हणाले. "शपथ घेणार नाही."

"हाई काय शे?" नणंद ओरडली. रागावली की ती मालेगावच्या बोलीवर जाते. "म्हणजे अजून पिणार हायेस तू?"

इतक्या माणसांत बोलायची त्यांना सवय नाही. "आज प्यायलेलो नाही. सकाळी गोळी घेतली, हिच्यासमोर. उद्याही घेईन. मध्यंतरी एकदा प्यायलो होतो, ते दवाखान्यात सांगितलं. पुढचं मला सांगता येत नाही. पण माझ्या पिण्याचा या लेकराशी काही संबंध नाही. तेव्हाही नव्हता." मग पोरीकडे न बघताच म्हणाले, "तुला कावीळ पाण्याने झाली होती, बेटा. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

पोरगी उठली, फुलांच्या दागिन्यांसकट, आणि आतल्या खोलीत निघून गेली. संपलं, असंच वाटलं. इतक्या लोकांसमोर, व्याह्यांच्या घरात, शपथ नाकारणारा बाप! एवढं एक वाक्य बोलायला काय जात होतं या माणसाचं? मी रागाने आणि लाजेने तिच्यामागे आत गेले.

पोरगी खाटेखालून बॅग ओढत होती.

"वाकू नकोस गं!" मी धावले. "आणि हे काय करतेस?"

"आई, ते नाही म्हणाले," ती म्हणाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडावर हसू. "हो म्हणाले असते ना, तर मी आले नसते. ठरवलंच होतं मी. पुन्हा रोज आरशासमोर उभी राहिले असते गं, या वेळी याच्यासाठी." तिने पोटावर हात ठेवला. मग नाक पुसून म्हणाली, "माझे गाऊन त्या कपाटात आहेत. घाल ना बॅगेत. मला वाकता येत नाही."

मी गाऊन घडी करून भरले. माझ्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, घड्या वेड्यावाकड्या झाल्या. बाहेर नणंद अजून पुटपुटत होती आणि विहीणबाई तिला आग्रहाने मसालेभात वाढत होत्या. जावयांनी गाडी काढली. वाटेत हे पुढे बसले होते, आम्ही दोघी मागे. विंचूरला चहाला थांबलो तेव्हा यांनी पोरीला विचारलं, साखर कमी हवी का. ती म्हणाली, नेहमीसारखीच. एवढंच.

दिवेलागणीला घरी पोहोचलो. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. पोरगी आत आली, देवाला नमस्कार केला आणि वळून बापाच्या पाया पडायला निघाली. "राहू दे, राहू दे, वाकायचं नाही आता," मी म्हटलं. तिने ऐकलं नाही. एक हात पोटाखाली धरून ती सावकाश वाकली. आणि वाकलेलीच राहिली.

हे नुसते उभे. त्यांना कळेना. इतकी वर्षं ती लांबूनच सरकून जायची, त्यांना वाटलं आताही जाईल. हात अर्धा उचललेला, तसाच हवेत, त्या फोटोतल्यासारखा. ती जागची हलली नाही. मान खाली, केसांत अजून डोहाळजेवणाच्या फुलांच्या पाकळ्या अडकलेल्या.

"अहो, कंबर दुखतेय तिची!" शेवटी मीच ओरडले. "ठेवा की हात!"

यांनी ठेवला. तोंडातून एक शब्द काढला नाही. नुसता हात ठेवला.